पारध्यांना पाचारण करा

मका दाण्यावर आला आणि हरभऱ्याला घाटे धरले की खानदेशातील शेतकऱ्याची झोप उडते. तापी, बोरी, पांझरा या नद्यांच्या काठची शेते रात्रभर माळ्यावरून राखावी लागतात. रिकामे डबे वाजवावे, फटाके उडवावे, बांधाभोवती जुनी लुगडी बांधावी, आणि एवढे करूनही पहाटे पाहावे तो रानडुकरांच्या कळपाने अर्धे शेत उकरून टाकलेले असते; डुकरांपासून वाचले ते रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, खुरांखाली गेलेले असते. ज्याने कर्ज काढून बियाणे आणले, त्या माणसाला त्या घटकेस वन्यजीवांच्या महतीवर व्याख्यान ऐकवणे हा क्रूर विनोद होय. मग कोणी एखादा निरुपायाने कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटते, कधी बिबट्या चिकटतो, आणि कधी शेजारच्या शेताला पाणी भरायला निघालेला माणूसही चिकटतो.

हे दुःख शेताचे झाले. रानाचे दुःख याहून कमी नाही. मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा-डोलारखेड्याच्या टापूतील वाघ जंगल सोडून केळीच्या बागांत वावरतो. त्या टापूला २०१४ साली मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करावे लागले. चाळीसगाव तालुक्यात २०१७ साली एका बिबट्याने एकामागून एक माणसे मारली. अखेर त्याला गोळी घालावी लागली, आणि गोळी घालण्यासाठी नेमबाज हैदराबादहून आणावा लागला. माणसे गेली ती गेलीच, जनावरही गेले. आणि पुन्हा असा प्रसंग आला तर काय करावे, याचे शहाणपण मात्र कोणाच्याच गाठीला बांधले गेले नाही.

या साऱ्या प्रश्नांचा विचार मुंबईस आणि नागपुरास होतो. तेथे अधिकारी असतात, प्राणिशास्त्राचे विद्वान असतात, निसर्गप्रेमी संस्थांचे प्रतिनिधी असतात. यांपैकी कोणाच्याही हेतूबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु ज्याला चिखलातल्या खुणेवरून जनावर कोणते, नर की मादी, रात्री गेले की पहाटे, भुकेले होते की धालेले, हे सांगता येते, तो माणूस त्या सभेत असतो काय? आमच्या मते वन्यजीव-धोरणाचा हा सर्वांत मोठा दोष आहे. म्हणूनच एरवी आतल्या पानावर ज्याची जागा, असा हा विषय आज आम्ही पहिल्या पानावर घेतला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : शिकारबंदी कायम राहावी, परंतु ज्यांच्या कुळात शिकारीचे ज्ञान आहे त्या पारध्यांना, भिल्लांना आणि रानाच्या कडेला राहणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांना धोरणाच्या सभेत जागा मिळावी, आणि ती जागा त्यांनी स्वतः होऊन मागावी.

मागणी नवी वाटेल, पण खानदेशाला तिच्यामागचा इतिहास नवा नाही. १८१९ साली अजिंठ्याची लेणी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली ती वाघाच्या शिकारीच्या निमित्ताने. पुढे सहा वर्षांनी, १८२५ साली, अमळनेरपासून फार दूर नसलेल्या धरणगाव येथे जेम्स औट्रम याने भिल्लांची पलटण उभी केली. या औट्रमने दहा वर्षांत १९१ वाघ मारल्याची नोंद त्याच्या चरित्रकारांनी अभिमानाने केली आहे. चाळीसगाव आणि कन्नड यांच्या मधल्या डोंगरात १९८६ साली जाहीर झालेल्या अभयारण्याचे नाव 'गौताळा औट्रमघाट' असे आहे, त्यातील औट्रम तो हाच. ज्याच्या बंदुकीने खानदेशातील वाघ संपवण्यास हातभार लावला, त्याचे नाव वन्यजीवांच्या अभयस्थानाला लाभावे, यात काळाचा उपहास आहे. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या १९१ वाघांपर्यंत साहेबाला नेणारे भिल्ल कोण, त्यांची नावे काय, हे कोणत्याही नोंदीवरून आज आपल्याला ठाऊक होत नाही. वाघ साहेबाच्या नावावर जमा झाले. माग काढणाऱ्याच्या खात्यावर काहीच जमा झाले नाही.

त्यानंतरचा इतिहास याहून कटू आहे. शिकार दोन प्रकारच्या माणसांनी केली, आणि दोघांच्या वाट्याला दोन निराळी नशिबे आली. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन हे दोन भारतीय वैद्य तिच्या आठ संस्थापकांत होते, ही आपणांस भूषणाची गोष्ट आहे. त्या संस्थेच्या आरंभीच्या सभासदांत बंदूक बाळगणारे शिकारी भरपूर होते. पक्षिशास्त्रात ज्यांचे नाव जगभर झाले त्या सलीम अलींच्या जीवनकार्याचा आरंभ लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाला. जिम कॉर्बेट प्रथम शिकारी आणि मग वन्यजीवांचा रक्षक. त्याच्या नावाने राष्ट्रीय उद्यान आहे. सुशिक्षित शिकाऱ्याने बंदूक खाली ठेवली तेव्हा समाजाने त्याला शास्त्रज्ञ म्हटले, सल्लागार केले, त्याचे पुतळे उभारले. हे योग्यच झाले. शिकारीतून मिळालेले ज्ञान रक्षणाच्या कामी येते, हे तत्त्व आपण अशा रीतीने केव्हाच मान्य केलेले आहे.

मग हाच न्याय पारध्याला का नाही? त्याने फास खाली ठेवला तेव्हा त्याला कोणी सल्लागार केले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील सुधारलेल्या रूपांनी देशातील कित्येक जमातींप्रमाणे पारध्याच्याही कपाळावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का देशभर पुसला गेला, निदान कागदावर तरी. योगायोग असा की, भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे अधिकृतपणे मान्य झाले तेही १९५२ मध्येच. अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्राच्या यादीत 'पारधी' या नोंदीखाली फासे पारधी आहेत, 'चिता पारधी' आहेत, आणि चक्क 'शिकारी' हेही एक नाव आहे. चिता पारध्यांचे पूर्वज रानातला चित्ता जिवंत धरीत, त्याला शिकवीत आणि राजेरजवाड्यांसाठी त्याच्याकडून हरणांची शिकार करवीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले. चित्ता परदेशातून आणता आला. परंतु चित्त्याची नस ओळखणाऱ्या माणसांची जी विद्या आपण येथे मरू दिली, ती कोणत्या विमानातून परत आणणार?

कायद्याची वाटचालही लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. तो परवान्यांचा कायदा होता. परवाना, शुल्क, अर्ज, कायमचा पत्ता ही भाषा ज्याला येत होती त्याची शिकार 'छंद' ठरली. ज्याला येत नव्हती त्याची 'चोरी' ठरली. १९७२ साली केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपुष्टात आली आणि श्रीमंताचा छंद व गरिबाचे पोट या दोहोंवर एकच बंदी आली. बंदी आवश्यक होती, यात तिळमात्र संशय नाही. ती नसती तर आज सातपुड्यात वाघाचा ठसा पाहायला मिळाला नसता. परंतु छंद सुटलेल्या माणसाला दुसरा छंद मिळतो, पोट सुटलेल्या माणसाला दुसरे पोट मिळत नाही. तितर, लावा, ससा यांच्यावर ज्याची चूल चालत होती त्या फासे पारध्याला शिकार सोड असे सांगितले गेले. त्याऐवजी काय धर, हे मात्र कोणी नीट सांगितले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे पुष्कळसे परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला, आणि त्याच कायद्याने वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला. याचा अर्थ सरळ आहे : रानातील माणसाने जनावर मारू नये, राखावे. हा अर्थ आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. परंतु जो राखणार, त्याला कसे राखावे हे ठरवण्यात वाटा नको काय?

येथे कोणी असे समजू नये की, कायद्यात यासाठी वावच नाही. २००२ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक राज्यात मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य वन्यजीव मंडळ असावे लागते. त्यात शासनाने नेमावयाच्या दहा जाणकारांपैकी निदान दोन अनुसूचित जमातींचे प्रतिनिधी असले पाहिजेत, असे कायदा सांगतो. अभयारण्यासाठी सल्लागार समितीची तरतूद आहे. तीत पंचायत राज्य संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि वन्यजीव रक्षणाचे काम करणाऱ्या तीन व्यक्ती येतात. मानद वन्यजीव रक्षकाचे पद आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आणि तिने गावच्या प्राण्यांची, पक्ष्यांची व वनस्पतींची नोंदवही ठेवावयाची. म्हणजे दरवाजे आहेत. उंबरठा तेवढा उंच आहे. राज्य मंडळावरील दहा जण 'नामवंत' निसर्गरक्षक, परिसरतज्ज्ञ व पर्यावरणवादी यांच्यातून निवडावेत, असे कायद्याचे शब्द आहेत. नामवंत कोण, हे कोणी ठरवायचे? ज्याचे निबंध छापून आले तो नामवंत, की ज्याच्या सांगण्यावरून निबंध लिहिले गेले तो? पारध्याचे नाव आजवर सरकारी कागदावर आले ते पोलिसांच्या डायरीत. तेवढ्याने कोणी नामवंत होत नाही.

अशा माणसाचे ज्ञान खरोखरच उपयोगी पडते काय, असा प्रश्न विचारला जाईल. विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर भावनेने न देता उदाहरणांनी देणे बरे. नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासाकरिता हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवली. हे पक्षी इजा न होता पकडायचे कसे, ही विद्या त्या विद्वानांजवळ नव्हती. ती बिहारमधील मीरशिकार जमातीच्या परंपरागत पक्षी पकडणाऱ्यांजवळ होती. त्यांना सन्मानाने कामावर घेतले गेले, आणि अली हुसेन या मीरशिकाराच्या हातचे कौशल्य पक्षिशास्त्राच्या जगात मान्यता पावले. आपल्याच राज्यात, अकोला व वाशीम जिल्ह्यांच्या माळरानांत, दुर्मीळ झालेल्या तणमोर पक्ष्याच्या आणि त्याच्या गवताळ रानाच्या रक्षणाचे काम फासे पारध्यांना बरोबर घेऊन 'संवेदना' या संस्थेने उभे केले. तणमोर कोणत्या गवतात उडी घेतो, कोठे अंडी घालतो, हे पारध्याला पुस्तक न वाचता ठाऊक असते. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाकाठी अमूर ससाणे जाळ्यांनी प्रचंड संख्येने मारले जात. २०१२ साली ती हकीकत जगापुढे आली, आणि २०१३ साली हत्या थांबली. हे केवळ पोलिसांच्या जोरावर झाले नाही. गावांच्या पंचायतींनी निर्णय घेतला, जाळी लावणारे स्वतः त्या निर्णयात होते, म्हणून तो टिकला. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून आयुष्य घालवले. रानातील आदिवासी आणि पारधी हे आपले गुरू, हे सांगण्यात त्या विद्वानाला कधी कमीपणा वाटला नाही.

आता उलट उदाहरण पाहा. सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेते आली, रस्ते आले, नांदती गावे आली. हेतू उदात्त होता, पण त्या माळावर राहणाऱ्या माणसांना तो निर्णय आपला कधीच वाटला नाही. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, माळढोक हा पक्षी न राहता संकट झाला, आणि अखेर ते क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणावे लागले. आज महाराष्ट्राच्या माळावर माळढोक शोधूनही सापडणे कठीण झाले आहे. माणसांना न विचारता नकाशावर आखलेले अभयारण्य कितीही मोठे असले, तरी त्यात पक्षी राहीलच अशी खात्री नसते, हा धडा आपण पुरेशी किंमत देऊन शिकलो आहोत.

परदेशांत याची रीत वेगळी आहे. अमेरिकेत १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवले. तेथे परवानाधारक शिकारी आपल्या राज्याच्या वन्यजीव आयोगापुढे उभा राहतो, हरणे किती वाढली, हंगाम किती दिवसांचा असावा, यावर बोलतो, आणि त्याचे म्हणणे लिहून घेतले जाते. तो शिकारीचा मार्ग आपला नव्हे. आपली लोकसंख्या, आपली रानांची स्थिती आणि आपली परंपरा पाहता तो आपला होऊही नये. परंतु तेथील एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्याचा रानाशी रोजचा संबंध आहे, त्याला धोरणाच्या सभेत बोलण्याचा हक्क आहे आणि बोलण्याची सवयही आहे. आपल्याकडे हक्क अर्धा आहे आणि सवय मुळीच नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप आम्ही जाणतो. पहिला आक्षेप असा की, शिकाऱ्याला सभेत बसवणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे. वाघाच्या कातड्याचा आणि हाडांचा चोरटा व्यापार करणाऱ्या टोळ्यांत शिकारी जमातींतील काही माणसे सापडली आहेत, हे खरे आहे. त्यांना कायद्याने कठोर शिक्षा झालीच पाहिजे, आणि ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला त्याला कोणत्याही समितीत स्थान असू नये. परंतु काहींच्या अपराधासाठी साऱ्या जमातीला दूर ठेवणे म्हणजे १८७१ चा कायदा मनातून जिवंत ठेवणेच होय. शिवाय व्यवहाराची गोष्ट अशी की, चोरटी शिकार करणाऱ्यांचा सुगावा सर्वांत आधी त्यांच्या शेजाऱ्यांना लागतो. शेजारी आपल्या बाजूला असावा की त्यांच्या, हे आपल्या वागणुकीवर ठरते.

दुसरा आक्षेप असा की, आता रानोरानी छायाचित्रे टिपणारी यंत्रे लागली आहेत, जनावरांच्या गळ्यांत पट्टे बांधून त्यांचा माग आकाशातून घेता येतो. मग पायाच्या ठशांची जुनी विद्या कशाला? यंत्राचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. परंतु यंत्र कोठे लावावे, हे सांगायला माणूस लागतो. बिबट्या अमुक रात्री अमुक नाल्याने गेला, एवढे यंत्र सांगेल. तो उसाचा फड सोडून वस्तीकडे का वळला, आणि पुन्हा वळेल की नाही, हे तो नाला वर्षानुवर्षे पाहणारा माणूस सांगेल. यवतमाळ जिल्ह्यात टी-१ अथवा अवनी या वाघिणीचा शोध महिनोन्महिने चालला आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. त्यानंतर देशभर वाद झाला तो गोळी कोणी व कशी घातली याचा. माणसांचे बळी जाऊ लागण्यापूर्वीच त्या रानातील लोकांचे ज्ञान हाताशी घेतले असते तर गोळीची पाळी टळली असती काय, हा प्रश्न त्या गदारोळात हरवला. आमच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच होता.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जुने जाणते पारधी आता थोडे उरले. तरुणांना फासाची गाठही मारता येत नाही. मग कोणाला बोलावणार? आम्ही म्हणतो, म्हणूनच घाई करा. तित्तिराच्या आवाजाला तित्तिराच्याच आवाजात उत्तर देणारा, शिकवलेल्या गाईच्या आडोशाने हरणापर्यंत पोचणारा म्हातारा गेला की त्याच्याबरोबर एक ग्रंथालय जळून जाते. मुलाने फास लावावा, अशी आमची इच्छा नाही. मुलाने बापाचे ज्ञान विसरावे, हीही आमची इच्छा नाही.

तेव्हा व्हावे काय? शासनाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. राज्य वन्यजीव मंडळावरील अनुसूचित जमातींच्या जागा भरताना, रानाशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आहे अशा पारधी, भिल्ल, पावरा, तडवी समाजांतील माणसांचा विचार व्हावा, आणि 'नामवंत' या शब्दाचा अर्थ पदवीपुरता मर्यादित ठेवू नये. १९६९ पासूनचे यावल, १९८६ पासूनचे अनेर धरण आणि गौताळा औट्रमघाट ही खानदेशाची अभयारण्ये आहेत. त्यांच्या सल्लागार समित्यांत अशा माणसांना घ्यावे, बैठका नियमाने भराव्यात आणि त्यांचे वृत्तान्त मराठीत गावच्या चावडीवर लावले जावेत. सभेला येणाऱ्या मजुराचा दिवस बुडतो. त्याला प्रवासखर्च आणि रोजगार मिळावा. प्रत्येक तालुक्यात माग काढणाऱ्या जाणत्यांची यादी करावी, त्यांना ओळखपत्र द्यावे, आणि बिबट्या वस्तीत शिरल्यावर किंवा गणनेच्या वेळी त्यांना पगारी काम मिळावे. शेवटची मागणी पिकांच्या नुकसानीबद्दल आहे. रानडुक्कर आणि रोही यांना मारण्याच्या परवानगीची पद्धत शासनाने २०१५ साली सोपी केली. परंतु परवानगी हा उपाय नव्हे, ती उपाय हरल्याची कबुली आहे. कळप कोठून येतात, कोणत्या ओढ्याने उतरतात, कोणत्या पडीक रानात दिवस काढतात, हे आधी कळले तर मारण्याची वेळ पुष्कळदा येणार नाही. ते सांगू शकणारी माणसे आपल्या शिवेवरच पाल ठोकून राहिलेली आहेत.

पारधी व भिल्ल बांधवांना, तसेच पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना घेतलेल्या शेतकऱ्यांनाही आम्ही सांगू इच्छितो की, बोलावणे येण्याची वाट पाहू नका. ग्रामसभेला जा. जैवविविधता समिती गावात आहे काय, असल्यास तिची नोंदवही कोठे आहे, हे विचारा. त्या नोंदवहीत तुम्हांला ठाऊक असलेल्या जनावरांची नावे तुमच्या भाषेत लिहून घ्यावयास लावा. आपण पाहिलेले कळप, ठसे, पाणवठे यांची तारीखवार टिपणे मुलांकडून लिहून घ्या. सभेत रागाने बोललात तर ते विसरले जाईल. टिपण पुढे ठेवलेत तर ते उत्तर मागेल. 'आम्हांला शिकार करू द्या' ही मागणी आज कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. 'हे रान आम्हांला कळते, ते राखण्याच्या निर्णयात आम्हांला घ्या' या मागणीला मात्र नाही म्हणणे कोणत्याही सरकारला कठीण जाईल.

राहता राहिले आपण, म्हणजे हे पत्र सकाळी चहाबरोबर वाचणारे नगरवासी. या प्रश्नात आपला काय संबंध, असे वाचकांनी म्हणू नये. पारध्याचा अर्ज लिहून देणारा वकील आपल्यात आहे. त्याच्या मुलाला जातीचा दाखला मिळवून देऊ शकणारा कारकून आपल्यात आहे. त्याच्या म्हाताऱ्याने सांगितलेली पक्ष्यांची नावे टिपून घेणारा प्राध्यापक आणि विद्यार्थी आपल्यात आहे. अमळनेरला विद्येचा वारसा लहान नाही. १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले, ते ज्ञानाची जात न विचारण्यासाठीच. ज्ञान संस्कृतात असते तसे वाघरी बोलीतही असते, हे मान्य करण्याने त्या मंदिराचा महिमा कमी होणार नाही.

याच गावच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजींनी मुले शिकवली. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून त्यांनी उपोषण केले, आणि ते दार उघडले. गुरुजींचे नाव आपण अमळनेरकर अभिमानाने घेतो. त्या नावावर आपला हक्क आहे असे मानतो. तो हक्क खरा असेल, तर जेथे जेथे एखाद्या माणसाला केवळ त्याच्या जन्मामुळे दाराबाहेर उभे केलेले दिसेल, तेथे आपण अस्वस्थ झाले पाहिजे. वन्यजीव-धोरणाच्या सभागृहाचे दार हे असेच एक दार आहे. त्याच्या बाहेर आज जो उभा आहे त्याच्या हातात फास नाही, बंदूक नाही. त्याच्याजवळ आहे ती केवळ रानाची ओळख. ती ओळख रानाला हवी आहे, शेतकऱ्याला हवी आहे, आणि वाघालाही हवी आहे. शासनाने त्याला आत बोलवावे.